नातं खरं, पण सातबाऱ्यावर एकच नाव नाही

ऑक्टोबर उजाडला की कोकणातला पाऊस आटोपत आलेला असतो. भातं पिवळी पडलेली, कापणी तोंडावर आलेली. आता दोन आठवडे पाऊस पडू नये एवढंच शेतकऱ्याचं मागणं असतं. नेमक्या त्याच सुमाराला, सुक्कोथचा सण सरताना, ज्यू उपासनेत पावसासाठी प्रार्थना येते. अलिबाग, रेवदंडा, ठाणे इथल्या सिनेगॉगांतूनही ती म्हटली जात आली आहे. मार्च-एप्रिलात पेसाहचा सण आला की पाऊस मागणं थांबतं आणि दव मागितलं जातं. कोकणात तेव्हा अंगाची काहिली होत असते, दवाचा पत्ता नसतो. कारण साधं आहे. हे ऋतू अलिबागचे नाहीतच, जेरुसलेमच्या आसपासच्या डोंगरांचे आहेत. तिथे पाऊस शरदात सुरू होतो आणि वसंतात थांबतो. वॉर्सातल्या ज्यूने बर्फ पडायच्या तोंडावर हीच प्रार्थना म्हटली आणि येमेनच्या सना शहरात राहणाऱ्यानेही हीच म्हटली. ब्युनोस आयरेसमध्ये तर ऋतूच उलटे, तरी तिथेही हीच.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण 26 नोव्हेंबर 1938 च्या ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी लिहिलं होतं की बायबलमधलं पॅलेस्टाईन हा काही भूगोलाचा तुकडा नव्हे, ते ज्यूंच्या हृदयात आहे. गांधीजींबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणावं लागतं की हे बरोबर नव्हतं. जे फक्त हृदयात असतं त्याला पावसाळा नसतो. ज्यू परंपरेतला तो देश पहिल्यापासून माती, झरे, अंजीर-ऑलिव्ह, सातव्या वर्षी पडीक ठेवायची शेतं यांसकट आहे. त्यांच्या धर्मशास्त्रातली कितीतरी कलमं फक्त त्या भूमीवर पिकणाऱ्या धान्यालाच लागू होतात.

7 ऑक्टोबर 2023 ला हमासने इस्रायलवर हल्ला केला, त्यानंतर आपल्याकडे या विषयावर बोलणाऱ्यांचे दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, ज्यू म्हणजे युरोपातून आलेले गोरे, इंग्रजांनी नेऊन बसवलेले. त्यांचा त्या जमिनीशी काय संबंध? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, जमीन मुळात त्यांचीच, अरब मागाहून आले, तेव्हा विषय संपला. दोन्ही बाजूंना एका फॉरवर्डमध्ये मावेल एवढाच इतिहास हवा असतो. माझं म्हणणं असं की पहिल्या बाजूचा इतिहास चुकलेला आहे आणि दुसऱ्या बाजूचा तर्क. पूर्वजांच्या भूमीशी ज्यूंचं नातं शंभर नंबरी खरं आहे. पण त्या नात्याच्या पायावर राज्याचा हक्क उभा करायला गेलं की तो पाया दगा देतो, आणि तो ज्यूंनाही देतो.

आधी नात्याचं बोलू, कारण ते नाकारण्याची हल्ली फॅशन आहे. इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात, इसवी सनापूर्वी 1200 च्या आसपास, कनानच्या प्रदेशातला एक जनसमूह म्हणून ‘इस्रायल’ येतो. इ. स. पू. 586 मध्ये बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेमचं मंदिर पाडलं, इ. स. 70 मध्ये रोमनांनी दुसरं पाडलं. रोममध्ये टायटसची कमान आजही उभी आहे. तिच्या आतल्या बाजूला मंदिरातला सात फांद्यांचा दीप खांद्यावर घेऊन मिरवणारे सैनिक कोरलेले आहेत. म्हणजे लुटीची पावती लुटणाऱ्यानेच दगडात कोरून ठेवली. पुढे 132 ते 135 या काळात बार कोखबाचा उठाव झाला. तो मोडल्यावर रोमन सम्राट हेड्रियनच्या राजवटीत ‘ज्यूदिया’ हे प्रांताचं नावच पुसून ‘सीरिया पॅलेस्टिना’ केलं गेलं.

तेव्हाही सगळे ज्यू हाकलले गेले नाहीत, हे बरेचदा विसरलं जातं. जेरुसलेमी तालमूद हा धर्मचर्चेचा ग्रंथ मुख्यतः गॅलिलीतल्या टायबेरियास इथे आकाराला आला. सोळाव्या शतकात साफेद हे ज्यू गूढविद्येचं मोठं पीठ होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ज्यू राज्याच्या चळवळीचा, म्हणजे झायोनिझमचा, प्रणेता हर्झल याने लेखणी उचलण्याआधीच, जेरुसलेम शहरात ज्यूंची संख्या इतर कुठल्याही समाजापेक्षा जास्त झालेली होती. बाहेर गेलेल्यांनी तर आठवणीची व्यवस्थाच लावून ठेवली. प्रार्थनेला उभं राहायचं ते जेरुसलेमकडे तोंड करून, मंदिर पडल्याच्या तिथीला उपास धरायचा, लग्नात नवऱ्या मुलाने काचेचा पेला फोडायचा, पेसाहच्या जेवणाअखेर ‘पुढच्या वर्षी जेरुसलेमात’ म्हणायचं. हे जवळजवळ दोन हजार वर्षं चाललं. एवढं सगळं एकोणिसाव्या शतकातल्या राष्ट्रवाद्यांनी रचलेलं कुभांड आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

हे नातं किती चिवट असतं ते पाहायला महाराष्ट्राला लांब जावं लागत नाही. आपले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आपल्या पूर्वजांची गोष्ट सांगतात ती अशी: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, पोथ्या-पुस्तकं समुद्रात गेली. ते नेमके कधी आले यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण पुढची शेकडो वर्षं हे लोक तेलाचे घाणे चालवत कोकणात राहिले, मराठी बोलले, गावांवरून केहिमकर, रोहेकर, पेणकर झाले. आणि शनिवारी घाणा बंद ठेवत राहिले, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. हिब्रू जवळपास विसरली. तरी सुंता राहिली, खवल्यांचेच मासे खाण्याचा नियम राहिला आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना राहिली. मुंबईत सिनेगॉग उभं राहिलं ते 1796 साली, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. एलियाहू हन्नबी, म्हणजे प्रेषित एलिया, अग्निरथातून स्वर्गात गेला तो बायबलनुसार जॉर्डन नदीच्या पलीकडे. पण बेने इस्रायलांच्या श्रद्धेत तो अलिबागजवळच्या खंडाळ्यालाही येऊन गेला, खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत. तिथे मलिदा होतो: गोड पोहे, खोबरं, खजूर, फळं. आणि आता इस्रायलमध्ये स्थायिक झालेले मराठी ज्यू हैफाच्या एलियाच्या गुहेत जाऊन तोच मलिदा करतात. पुण्यभूमी एकच असते आणि ती कायम दुसरीकडे असते, असा हिशेब मांडणाऱ्यांनी या खडकाचं काय करायचं ते मला माहीत नाही.

याच समाजाला 1897 मध्ये बासेलला भरणाऱ्या पहिल्या झायोनिस्ट काँग्रेसचं निमंत्रण आलं होतं. त्यांनी ते नाकारलं. सियोनला, म्हणजे जेरुसलेमला, परतायचं ते देवाच्या हाताने, माणसांच्या ठरावाने नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. पूर्व युरोपातल्या अनेक सनातनी रब्बींचं म्हणणं याहून फार वेगळं नव्हतं. म्हणजे जेरुसलेमची ओढ आणि झायोनिझम या दोन गोष्टी आहेत. पहिली दोन हजार वर्षं जुनी, दुसरी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची. पहिलीतून दुसरी आपोआप निघत नाही.

मग ती निघाली कशातून? भीतीतून. 1881 मध्ये झारचा खून झाला आणि रशियन साम्राज्याच्या दक्षिणेत ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. पुढच्याच वर्षी ओडेसाच्या लिओन पिन्स्कर या डॉक्टरने लिहिलं की कुणीतरी आपल्याला समान मानील याची वाट पाहणं ज्यूंनी सोडावं आणि आपली मुक्ती आपणच करावी. फ्रान्समध्ये, जिथे ज्यूंना शंभर वर्षांपूर्वीच नागरिकत्व मिळालं होतं, तिथे कॅप्टन ड्रायफसला खोट्या पुराव्यावर देशद्रोही ठरवलं गेलं. व्हिएन्नाच्या एका वृत्तपत्राचा पॅरिसमधला बातमीदार थिओडोर हर्झल हे पाहत होता. 1896 मध्ये त्याने ज्यू राज्याची पुस्तिका काढली. तो धार्मिक नव्हता. त्याच्या मनात पॅलेस्टाईनबरोबर अर्जेंटिनाचाही पर्याय होता, आणि त्याच्या दृष्टीने प्रश्न निवाऱ्याचा होता.

आणि तरीही 1903 साली जे घडलं त्यापाशी थांबलं पाहिजे. एप्रिलमध्ये रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्हला दंगल झाली, 49 ज्यू मारले गेले. ऑगस्टमध्ये हर्झलने सहाव्या झायोनिस्ट काँग्रेसपुढे ब्रिटिशांचा प्रस्ताव ठेवला: पूर्व आफ्रिकेत वसाहत करा. इतिहासात त्याला युगांडा योजना म्हणतात, जागा प्रत्यक्षात आजच्या केनियात होती. पाहणीसाठी मंडळ पाठवायचा ठराव 295 विरुद्ध 178 मतांनी मंजूर झाला आणि रशियातले प्रतिनिधी सभागृहातून उठून बाहेर गेले. विरोध करणाऱ्यांत खुद्द किशिनेव्हहून आलेले लोक होते. ज्यांच्या गळ्याला फास लागलेला तेच म्हणत होते, तिथे नको. 1905 मध्ये योजना गुंडाळली गेली. झायोनिझम म्हणजे निव्वळ वसाहतवाद, असं म्हणणाऱ्यांना हा प्रसंग समजावून सांगता येत नाही. वसाहतवाल्याला सुपीक जमीन फुकट मिळत असताना तो रुसून बाहेर जात नाही.

पुढच्या चाळीस वर्षांत जगाने ज्यूंसाठी एकेक दार लावून घेतलं. अमेरिकेने 1924 च्या कायद्याने पूर्व युरोपातल्या स्थलांतराला चाप लावला. 1938 मध्ये ज्यू निर्वासितांच्या प्रश्नावर फ्रान्समधल्या एव्हियाँला 32 देश जमले आणि डॉमिनिकन रिपब्लिक सोडता बहुतेकांनी सहानुभूतीपलीकडे फारसं काही देऊ केलं नाही. 1939 मध्ये पॅलेस्टाईनवर तेव्हा राज्य करणाऱ्या ब्रिटिशांनी तिथलंही दार किलकिलं तेवढं ठेवलं: पाच वर्षांत 75,000 माणसं. फेब्रुवारी 1942 मध्ये ‘स्त्रुमा’ हे निर्वासितांचं जहाज काळ्या समुद्रात बुडालं, साडेसातशेहून जास्त माणसं गेली, एक वाचला. हे युरोपचं झालं. बगदादमध्ये 1941 च्या जूनमध्ये फरहूद, म्हणजे ज्यूंची कत्तल आणि लूट, झाली. 1950-51 मध्ये इराकमधून सुमारे 1,20,000 ज्यू निघाले, त्याआधी येमेनमधून जवळपास 50,000. ‘युरोपातून आलेले गोरे’ म्हणताना ही माणसं कुठे जातात? आजच्या इस्रायलमधल्या ज्यूंपैकी फार मोठा हिस्सा अरब जगातून आणि आशिया-आफ्रिकेतून आलेल्यांच्या वंशजांचा आहे.

माझ्या मते झायोनिझमचं सगळ्यात भक्कम समर्थन या बंद दारांत आहे, किंग डेव्हिडच्या राजधानीत नाही. आपलं म्हणावं असं एकही राज्य नसल्याची किंमत या समाजाने जेवढी मोजली तेवढी क्वचितच कुणी मोजली असेल. अशा समाजाला स्वतःचं सैन्य, स्वतःचं दार आणि ते उघडण्याचा अधिकार हवासा वाटला, यात गैर काय? तिथेच का, याचं उत्तर त्या प्राचीन नात्यात आहे. पण तिथे आधीपासून असलेल्यांचं काय, याचं उत्तर यातल्या कशातच नाही.

हे तेव्हाच कळत होतं. अहद हाअम या झायोनिस्ट लेखकाने 1891 मध्ये पॅलेस्टाईन पाहून लिहिलं की ही जमीन ओसाड आहे असं आपण समजतो, पण पेरणीखाली नसलेलं रान तिथे शोधून सापडत नाही. आठ वर्षांनी, मार्च 1899 मध्ये, जेरुसलेमचे माजी महापौर युसुफ झिया अल-खालिदी यांनी फ्रान्सच्या मुख्य रब्बींना पत्र लिहिलं. ते हर्झलच्या हाती पडलं. हे पत्र माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत प्रामाणिक कागद आहे. पॅलेस्टाईनवरचा ज्यूंचा हक्क कोण नाकारील, इतिहास पाहिला तर तो तुमचाच देश आहे, असं एक पॅलेस्टिनी अरब पुढारी त्यात म्हणतो. आणि पुढे म्हणतो, पण आज तिथे दुसरे लोक राहतात, तेव्हा देवासाठी पॅलेस्टाईनला सुखाने राहू द्या. हर्झलने उलट टपाली भरपूर गोड लिहिलं: आम्ही आलो की सगळ्यांची भरभराट होईल, कुणाला बाहेर काढायचा विचार कोण करील? अर्ध्या शतकाने, 1948 च्या युद्धात, सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घराबाहेर पडले, कुणी हाकलले गेले, कुणी जिवाच्या भीतीने पळाले. परत येऊ दिलं गेलं ते थोड्यांनाच. पॅलेस्टाईनच्या फाळणीचा संयुक्त राष्ट्रसंघाचा ठराव अरबांनी झिडकारला, पाच अरब देशांची सैन्यं चालून आली, हे खरंच आहे. पण ज्या शेतकऱ्याचं गाव गेलं त्याने कुठल्या ठरावावर सही केली होती?

खालिदींनी जे दोन वाक्यांत मांडलं ते आपल्याकडच्या एकाही तटाला पेलत नाही. वडिलोपार्जित जमिनीचा ज्यांना अनुभव आहे त्यांना मात्र ते परकं वाटू नये. पणजोबांचं नाव खरं असतं, वहिवाट खरी असते, कसणाऱ्याचा घामही खरा असतो, आणि सातबाऱ्यावर ही सगळी नावं एकाखाली एक येऊन बसलेली असतात. 1922 च्या शिरगणतीत पॅलेस्टाईनची लोकसंख्या साधारण साडेसात लाख होती. त्यात ज्यू 84,000 च्या आसपास, म्हणजे नवातला एक.

सावरकरांना झायोनिझमबद्दल आपुलकी होती हे जाहीर आहे. 1947 च्या नोव्हेंबरात भारताने संयुक्त राष्ट्रसंघात पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध मत दिलं, तेव्हा त्यांनी उघड टीका केली. पितृभू आणि पुण्यभू एकच असलेलं राष्ट्र त्यांना आदर्श वाटे, आणि ज्यूंचं स्वप्न त्या साच्यात बसत होतं. आजही महाराष्ट्रात इस्रायलचं जे कौतुक चालतं त्यातलं बरंचसं ज्यूंच्या दुःखाशी देणंघेणं नसलेलं आहे. ‘त्यांनी करून दाखवलं, आपण कधी’ एवढाच त्याचा अर्थ असतो. दुसरीकडे पॅलेस्टाईनचा कळवळा असलेल्यांतही असे पुष्कळ भेटतात ज्यांना 7 ऑक्टोबरला ठार झालेल्या सुमारे 1,200 माणसांबद्दल एक वाक्य बोलायला जड जातं. गाझात त्यानंतर मेलेल्या हजारो मुलांबद्दल बोलताना पहिल्या गटाची जीभ अडखळते, तसंच हे.

आता मुद्द्याची अडचण. इस्रायलचा हक्क पूर्वजांच्या नात्यावरच आहे असं म्हटलं तर तो नेमका कुठल्या जमिनीवर बसतो? तेल अवीववर नाही. तेल अवीव 1909 मध्ये याफाशेजारच्या वाळूच्या टेकड्यांवर वसलं. किनारपट्टीचा दक्षिण भाग तर बायबलमध्ये ज्यूंचा नाही, फिलिस्टाइन या प्राचीन लोकांचा आहे. पूर्वजांच्या कथा जिथे घडतात ती गावं म्हणजे हेब्रॉन, शिलो, बेथेल, शेखेम ऊर्फ नाब्लुस. ही सगळी वेस्ट बँकमध्ये आहेत, 1967 पासून लष्करी ताब्यात असलेल्या भागात. म्हणजे प्राचीन नात्याचा युक्तिवाद जितका ताणाल तितका तो तेल अवीवपेक्षा हेब्रॉनला जास्त लागू होतो, आणि 1967 च्या रेषेवर त्याला थांबवायला काही उरत नाही. वेस्ट बँकमधल्या वसाहतवाल्यांची ही ठाम समजूत आहे आणि तर्काच्या दृष्टीने ते सुसंगत आहेत. ज्यांना दोन राज्यांचा तोडगा हवा आहे अशा इस्रायलच्या मित्रांनी हे नीट पाहावं. निवारा आणि आज तिथे राहणाऱ्या लोकांचं स्वयंनिर्णय या पायावर उभं राहिलं तर रेषा आखता येते. मूळपुरुष अब्राहामाच्या पायावर ती आखता येत नाही.

वंशावळीचा हक्क आणखी एका बाजूने कापतो, आणि तिथे आपली माणसं कापली गेली. बेने इस्रायल 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. 1951 मध्ये बीरशेबातल्या काहींनी वागणुकीतल्या भेदभावाविरुद्ध संप केला, काही कुटुंबं 1952 मध्ये परत मुंबईला आली. खरा घाव पुढे बसला. 1961 नंतर मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला की बेने इस्रायल व्यक्तीचा इतर ज्यूंशी विवाह लावण्याआधी तिच्या आईच्या बाजूची वंशावळ शक्य तितकी मागे तपासावी. ज्यांनी हिब्रू विसरूनही शनिवार पाळला, त्यांना आता पणजीचे कागद मागितले गेले. 1964 च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणं धरून बसले. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, विशेष बैठक घेऊन ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी ज्यू आहेत. पूर्वजांवरून हक्क ठरतो म्हटलं की पूर्वज तपासणारा कारकूनही येतो, आणि तो कुणाच्या बाजूने बसेल याची खात्री कुणालाच नसते.

एक तक्रार इस्रायली लोक करतात ती मला रास्त वाटते. जगातल्या बहुतेक देशांच्या सीमा युद्धांनी आणि हकालपट्ट्यांनी आखल्या गेल्या, आपली 1947 ची फाळणीही त्यातलीच. पण अस्तित्वाचा दाखला रोज फक्त त्यांच्याकडे मागितला जातो. म्हणून ‘इस्रायल हवं की नको’ हा प्रश्नच मी सोडून देतो. ते आहे, तिथे जन्मलेल्या तिसऱ्या-चौथ्या पिढ्या आहेत, त्यांना परत जायला दुसरा देश नाही. भूमध्य समुद्र आणि जॉर्डन नदी यांच्या मधल्या पट्ट्यात आज ज्यू आणि पॅलेस्टिनी जवळपास सारख्या संख्येने राहतात आणि दोघांपैकी कुणीही निघून जाणार नाही.

सोडता येत नाही तो प्रश्न वेगळा आहे. 1950 च्या परतीच्या कायद्याने पेण किंवा पनवेलमध्ये वाढलेल्या, जेरुसलेम कधीही न पाहिलेल्या ज्यू तरुणाला इस्रायलचं नागरिकत्व मिळू शकतं. 1946 मध्ये याफात जन्मलेल्या आणि 1948 मध्ये आईच्या कडेवर बैरूतला गेलेल्या माणसाला ते मिळत नाही. 2018 च्या कायद्याने तर राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क त्या राज्यात फक्त ज्यू लोकांचा असल्याचं लिहून टाकलं. पहिल्या तरुणासाठी दार उघडं असावं हे मला मान्य आहे. ते दार बंद असताना काय झालं ते विसाव्या शतकाने पाहिलं आहे. दुसऱ्याच्या बाबतीत सुरक्षिततेचं आणि लोकसंख्येच्या तोलाचं कारण दिलं जातं. ते कारण निदान वाटाघाटीत मांडता येतं: नुकसानभरपाई, मर्यादित परतणी, पॅलेस्टिनी राज्यात पुनर्वसन, यांवर माणसं बोलली आहेत आणि पुन्हा बोलू शकतात. पण पहिल्याचं नातं प्राचीन आहे म्हणून दुसऱ्याचं नाही, असं जर कुणी म्हणत असेल, तर 1899 मध्ये खालिदींनी ज्यूंना जेवढं देऊ केलं होतं तेवढंही तो माणूस आज परत करायला तयार नाही.